डिटेरिओरेटचं खरं उदाहरण

डी अक्षरापर्यंत पोचायला कोशाला बावीस वर्षं लागली, याचा मंडळाला कोण अभिमान! दरवर्षीच्या सभेत अध्यक्ष छाती फुगवून सांगायचे, "आमच्याकडे घाईचं काम होत नाही." खरंच होत नव्हतं. घाईचं होत नव्हतं आणि बिनघाईचंही होत नव्हतं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, त्यातलं चौथं चालू. झेडच्या प्रकाशनाला टाळ्या वाजवायला कोण शिल्लक असेल, हा विचार सभेत कुणी बोलून दाखवत नसे, कारण सभेनंतर चहा असायचा.

इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला अर्थ सांगणारा हा कोश एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तयार होत होता. खाली चष्म्याचं दुकान, वर शिवणकामाचा क्लास, आणि मध्ये दोन खोल्यांत ही विद्या. आतल्या खोलीत संपादक. सगळे त्यांना सर म्हणायचे. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. बाहेरच्या खोलीत उपसंपादक, म्हणजे त्यांचीच थोरली लेक. तिला सगळे बाई म्हणायचे आणि ती सरांना घरी-दारी दादाच म्हणायची. बाप संपादक आणि लेक उपसंपादक म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जायच्या; पगार ऐकला की आपोआप खाली यायच्या.

बाईंच्या समोर संगणकावर अध्यक्षांचा भाचा बसायचा. चाळिशीला आलेला हा गृहस्थ तीन-चार धंदे बुडवून शेवटी ज्ञानाच्या सेवेला लागला होता. दाराशी स्टुलावर मामा. मामा म्हणजे शिपाई. चहा, टपाल, झाडलोट सगळं त्यांच्याकडे. एवढीच फौज.

आता इतका उशीर का, असं कुणालाही वाटेल. त्याला कारण होता दादांचा नियम. अर्थाखाली जे उदाहरणाचं वाक्य द्यायचं, ते खरं हवं. बाकीचे कोशवाले बिनदिक्कत लिहितात, 'मुलगा चेंडू फेकतो.' दादा भडकायचे. "कुठला मुलगा? कुणाचा चेंडू? कुणी पाहिला? शब्दाला पहिल्याच दिवशी खोटं बोलायला शिकवायचं का?" म्हणून कोशात घ्यायचं प्रत्येक वाक्य ते आधी मोठ्यानं वाचायचे आणि दोन माणसांनी 'खरं' म्हणायचं. त्यातलं एक माणूस ज्याच्याबद्दल वाक्य आहे ते स्वतःच, किंवा ज्याच्या मालकीची वस्तू आहे तो मालक. सगळ्यांदेखत, तोंडानं म्हणायचं. 'क्रोकोडाइल' आला तेव्हा अख्खं ऑफिस प्राणिसंग्रहालयात गेलं. मगर काही केल्या हलेना. शेवटी तिथल्या रखवालदाराला भिंतीपाशी बोलावून त्याच्याकडून 'खरं' म्हणवून घेतलं. आजही कोशात त्या शब्दाखाली 'मगर झोपली आहे' एवढंच वाक्य आहे. अशा रीतीनं सी अक्षराला सहा वर्षं लागली, यात नवल ते काय?

आणि मग आला 'डिटेरिओरेट'.

त्या सकाळी दादा खुशीत होते. चष्मा पुसत ते बाहेरच्या खोलीत आले आणि उभ्यानंच समजावू लागले. "हा पडण्याचा शब्द नाही, मोडण्याचाही नाही. पडलं-मोडलं की लोक धावत येतात. हे म्हणजे हळूहळू बिघडत जाणं. रोज थोडंथोडं, इतक्या बेतानं की शेजारी बसणाऱ्यालासुद्धा कळू नये. काल होतं त्याच्यापेक्षा आज किंचित कमी. आणि याच्या वापरातली गंमत ऐका. हा शब्द माणूस स्वतःबद्दल कधी वापरत नाही. नेहमी दुसऱ्याबद्दल. जग बिघडत चाललंय, शाळा बिघडल्या, शेजारी बिघडले. मी? मी तसाच आहे!"

"वा सर!" भाचा म्हणाला. त्याला काही कळलं की तो गप्प बसायचा. वा म्हणाला म्हणजे कळलेलं नव्हतं.

"चला, वाक्य सांगा."

भाच्यानं लगेच सांगितलं, "ऑफिसातल्या चहाची प्रत दिवसेंदिवस खालावत चालली आहे."

बाई हसू दाबत 'खरं' म्हणाल्या. पण चहाचे मालक मामा. मामांचं तोंड एवढंसं झालं. "दूध तुम्ही आणता तसं, पावडर तुम्ही देता ती, आणि खालावतो मात्र माझा चहा? मी नाही म्हणणार खरं." त्या सकाळी चहा मिळाला नाही, म्हणजे प्रत खालावायची शक्यताच संपली.

तेवढ्यात अध्यक्ष डोकावले. त्यांचा फरश्यांचा मोठा धंदा होता आणि ते कोशमंडळाच्या अध्यक्षपदाकडे बाकीचे लोक सकाळच्या फिरण्याकडे बघतात तसं बघायचे, प्रकृतीला बरं. बाईंनी विचारलं, "मंडळाच्या सभांची हजेरी दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, हे कसं वाटतं?" अध्यक्ष म्हणाले, "वाक्य सुंदर आहे. पण खरं कसं म्हणू? हजेरी कमी नाही झाली. दर्जेदार झाली."

वरच्या शिवणक्लासच्या बाईंना विचारलं, तर यंत्रं जुनी झाली हे त्यांना मान्य, बिघडत चालली हे अमान्य. खालचा चष्मेवाला म्हणाला, लोकांची नजर बिघडत चाललीय असं लिहा, दुकानाला हरकत नाही. पण लोकांच्या वतीनं 'खरं' कोण म्हणणार? शब्द सगळ्यांना पटला, अर्थ सगळ्यांना पटला. घरात घ्यायला मात्र कुणी तयार नाही. शेवटी बाईंना जिन्याचा लाकडी कठडा आठवला. तो खिळखिळा होत चालला होता. त्याला कुणी वाली नव्हता; मालक म्हणायचा भाडेकरूंचा, भाडेकरू म्हणायचे मालकाचा. बेवारशी वस्तूला मालकाची साक्ष लागत नाही, असं दादांनी ठरवलं. मामा आणि भाचा जाऊन कठडा हलवून आले आणि दोघांनी 'खरं' म्हटलं. शब्द झाला. मामांनी रुसवा सोडून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चष्मा पुसत बाहेर आले. खुशीत होते. "आज 'डिटेरिओरेट' घेऊ," ते म्हणाले. "हा पडण्याचा शब्द नाही, मोडण्याचाही नाही..."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. तेच शब्द, त्याच जागी तोच थांबा, 'मी? मी तसाच आहे!' ला तीच वर गेलेली भुवई. भाच्यानं मान वर केली. तो काही बोलणार, तोच बाई घाईनं म्हणाल्या, "हो दादा, तो शब्द काल माझ्याकडून कच्चा राहिला. आज परत घेऊ या."

"कच्चा? तुझ्याकडून?" दादा जरा खट्टू झाले. पण बसले.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. दादांना ए ते डी सगळं मुखोद्गत होतं. वीस वर्षांपूर्वी कुठल्या शब्दावर कुणाशी भांडण झालं तेही सांगतील. फक्त काल कोरा. रोज सकाळी बाई म्हणायच्या, माझं चुकलं, अर्थ लिहायचा राहिला, संगणकात चढवताना पुसला गेला. कारणं शोधण्यात त्यांनी अशी काही प्रगती केली की एखाद्या कचेरीत त्यांना मोठं पद मिळालं असतं. आणि रोज नवं वाक्य शोधलं जायचं. खिडकीचा पडदा झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं, भाच्याच्या खुर्चीचं चाक झालं. ऑफिसात बिघडत चाललेलं असं काही शिल्लक उरलं नाही.

मामा एकदा कप उचलताना हळूच म्हणाले, "बाई, कठड्याचं वाक्य काय वाईट होतं?"

"वाईट नव्हतं, मामा."

"मग सरांना..."

"मामा, चहा गार होतोय."

मामांनी बाईंकडे पाहिलं, गार झालेला चहा घेऊन गेले आणि गरम घेऊन आले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. दादा रोज वाक्य वाचायचे आणि मामा रोज सगळ्यांच्या आधी 'खरं' म्हणायचे.

बाईंचा धाकटा भाऊ लांबच्या शहरात होता. लांब राहणाऱ्यांना घरच्या प्रश्नांची उत्तरं फार लवकर सापडतात. फोनवर तो म्हणाला, "ताई, दादांना आता आराम दे."

"आराम म्हणजे नक्की काय करायचं त्यांनी?"

"काय म्हणजे... आराम!"

बाईंना आराम माहीत होता. सुट्टीच्या दिवशी तो घरीच असायचा. सकाळपासून दादा कपडे करून दारापाशी बसायचे आणि ऑफिसला निघायचं ना, असं विचारत राहायचे. दुपारपर्यंत त्यांना आपण कुठल्या खोलीत आहोत हेही धड कळेनासं व्हायचं. सोमवारी खुर्चीत बसले, पेन हातात घेतलं की पुन्हा दादाच. म्हणून ती खुर्ची टिकायला हवी होती. त्यापलीकडे बाईंना काही दिसत नव्हतं, आणि रात्री झोप लागत नव्हती ती याच भीतीनं.

तशी त्यांची स्वतःची एक हौस होती, नाही असं नाही. डी संपलं की ए ते डीचा पहिला खंड छापायला जाणार होता. आतल्या पानावर संपादक म्हणून दादांचं नाव आणि त्याखाली जरा बारीक अक्षरात उपसंपादक म्हणून बाईंचं. बावीस वर्षं खपल्यावर एक ओळ. त्या ओळीचा टाइप केवढा असावा, हे त्यांनी मनात कितीदा तरी ठरवून बदललं होतं.

इकडे भाच्यानं मामाच्या घरी बातमी पोचवली. मामा म्हणजे अध्यक्ष, चहावाले नव्हेत. एक शब्द, महिना होत आला, रोज कच्चा राहतो आणि रोज बाईच म्हणतात की माझं चुकलं. अध्यक्ष तडक आले. येताना जिन्याचा कठडा त्यांच्या हातात हलला, त्यामुळे आधीच तापलेले होते.

"बाई, हे चाललंय काय?" त्यांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "एका शब्दाला महिना? छापखानेवाला मला रोज विचारतो. मी साधा माणूस, मला दोनच कारणं दिसतात. एकतर सरांचं वय झालं. तसं असेल तर झकास निरोप समारंभ करू. चार भाषणं, एक घड्याळ, आणि सरांना सन्मानानं घरी पोचवू. नाहीतर मग तुमचं कामात लक्ष नाही. तसं असेल तर सर राहतील, पण आतल्या पानावर तुमचं नाव राहणार नाही. तिथं भाच्याचं टाकू. तुम्ही मदतनीस म्हणून बसा. काय ते स्पष्ट सांगा."

भाचा संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला. आपलं नाव एवढ्या उच्च जागी जाईल असं त्याच्याही मनात नव्हतं. लाज वाटावी की आनंद व्हावा हे त्याला ठरवता येईना.

बाईंना क्षणभर वाटलं, ओरडून सांगावं. बावीस वर्षं मी काय केलं ते या चार भिंतींना विचारा. पण भिंतींना विचारून काय होणार? त्यांच्याही बिघडण्याचं वाक्य मागच्याच आठवड्यात होऊन गेलं होतं.

"माझंच लक्ष नाही," त्या म्हणाल्या. "दादांचं काही नाही. सगळं माझ्यामुळे अडलंय."

"काय अडलंय?" आतल्या दारात दादा उभे होते.

"'डिटेरिओरेट', सर," अध्यक्षांनी तत्परतेनं सांगितलं. "महिना झाला. बाईंकडून होत नाही."

दादांनी आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग लेकीकडे. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "महिना? आणि मला कुणी सांगितलं नाही? हे खरं आहे का गं?"

"हो दादा."

"बावीस वर्षं शिकवलं तुला! एक शब्द होत नाही?" आवाज चढला आणि मध्येच थांबला. कारण दादांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली होती, नेमकं वाक्य सापडलं की यायची ती. ते ताठ झाले आणि आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत, स्वच्छ शब्दांत म्हणाले, "'उपसंपादकाचं काम दिवसेंदिवस खालावत चाललं आहे.' घ्या. हे झालं उदाहरण!"

"खरं!" अध्यक्ष म्हणाले. वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

"थांबा. जिच्याबद्दल आहे तिची साक्ष हवी." दादा बाईंकडे वळले. नियम म्हणजे नियम, मग समोर लेक असली म्हणून काय झालं? "सांग. खरं आहे?"

दाराशी मामा कपबशा घेऊन उभे होते. त्यांनी बाईंना मानेनं नाही-नाही अशी खूण केली.

बावीस वर्षांत या खोलीत बाईंनी एकदाही खोटं 'खरं' म्हटलं नव्हतं. मगरीसाठी दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या होत्या. दादा वाट बघत होते.

"खरं," बाई म्हणाल्या.

मामा कपबशा तशाच घेऊन मागे वळले. भाच्यानं मान खाली घातली. अध्यक्षांनी मात्र टाळी वाजवली. "बघा! सरांनी हात लावला की कसं झटक्यात होतं! अजून काय बुद्धी आहे हो, तल्लख! वय झालं कोण म्हणतो?"

कोणी म्हणत नव्हतं. म्हणणारे तेच होते, पण त्यांनी ते केव्हाच विसरून टाकलं होतं. विसरायला वय व्हावं लागतं असं थोडंच आहे? जाता जाता ते भाच्याला नावाआधी काय लावायचं, श्री की प्राध्यापक, हे विचारत गेले. कुठल्याशा क्लासात त्यानं चार महिने शिकवलं होतं म्हणे.

संध्याकाळी बाईंनी खिडक्या लावल्या, दादांची पिशवी घेतली आणि दोघं जिन्याशी आली. दादांनी कठड्यावर हात ठेवला. तो करकरला.

"खिळखिळा झालाय गं हा," दादा म्हणाले. मग पायरीवर थांबून, खूश होऊन, "'डिटेरिओरेट'ला हेच वाक्य घेऊ. उद्या करून टाकू तो."

"झालाय तो शब्द, दादा."

"कधी?"

"आज. तुम्हीच केलात."

"असं? वाक्य काय दिलं?"

बाईंना कठडा म्हणता आलं असतं. पडदा, घड्याळ, खुर्चीचं चाक, हवं ते म्हणता आलं असतं. पण दिवसभरात एकदा खोटं 'खरं' म्हणून झालं होतं आणि त्यांना आता त्राण नव्हतं. "उपसंपादकाचं काम दिवसेंदिवस खालावत चाललं आहे," त्यांनी सांगितलं.

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. "कोणी खरं म्हटलं याला?"

"अध्यक्षांनी."

"त्याला काय कळतंय, फरशी! दुसरी साक्ष कुणाची?"

"माझी."

"तुझी?" दादांचा आवाज जिन्यात घुमला. वरच्या शिवणक्लासमधलं एक यंत्र थांबलं. "अगं, अर्धं सी तू केलंस! बीमधल्या माझ्या चुका काढल्यास, आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझ्याच अक्षरात दुरुस्त केल्यास. मला काय कळलं नाही होय? तुझं काम खालावलं? धादांत खोटं आहे हे! माझ्या कोशात खोटं वाक्य? तू म्हणालीसच कशी?"

बाईंनी पायरीकडे नजर वळवली. डोळे भरून आल्यामुळे त्यांना पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. आतल्या पानावरच्या त्या ओळीचं त्यांना त्या घटकेला काही म्हणजे काही वाटलं नाही.

"ते काही नाही," दादा म्हणाले. "उद्या सकाळी आल्याबरोबर पहिल्यांदा हाच शब्द घ्यायचा. ते वाक्य काढायचं म्हणजे काढायचं. मला आठवण कर."

"करते."

दादा एक पायरी उतरले आणि थांबले. राग ओसरला होता. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "नक्की कर हं. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. रोज थोडंथोडं कमीच होत चाललंय." मग वळून त्यांनी विचारलं, ऑफिसात विचारायचे तसंच, "खरं ना गं?"

ज्याच्याबद्दल वाक्य, तो स्वतः म्हणाला होता. एकच साक्ष हवी होती.

बाईंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि एक पायरी खाली येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"कठडा सोडा, दादा. हलतो तो," त्या म्हणाल्या. "माझा हात धरा."